मोकळा दिवस

१८ ऑगस्ट

दादा,

हे पत्र लंबू तुझ्या हातात देईल. लंबू म्हणजे आमच्या सहल कंपनीचा ड्रायव्हर. गेल्या महिन्यात घाटमाथ्यावरच्या फाटकाशी एका उंच माणसाने तुला विचारलं होतं, "तुम्हाला धाकटी बहीण आहे का हो?" आणि तू म्हणालास, "गाडी पुढे घ्या." तोच हा. परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "ताई, वरच्या फाटकावर एक माणूस बघितला. नाक तुमचं आणि तिरसटपणा तुमच्या वडिलांचा." त्याने एकदा बाबांकडे पँट शिवायला टाकली होती, म्हणून दोन्हीची त्याला चांगली ओळख आहे.

म्हणजे तू डोंगरावर आहेस. आम्ही तुला बंदराच्या शहरात शोधत राहिलो. समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत बसताना तुला कोणी तरी पाहिलं होतं म्हणे. आई अजून बातम्यांत जहाज दिसलं की चष्मा पुसते.

इकडचं सांगते. मी पदवी घेतली. विषय भूगोल. आपल्या घरातली पहिली. बाबांनी माझा तो काळा झगा घातलेला फोटो दुकानात इस्त्रीच्या टेबलावर टांगलाय आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "झगा भाड्याचा होता. खांदे उतरलेत बघा. आमच्याकडे शिवला असता तर असा नसता बसला." एवढंच बोलतात, पण फोटो रोज पुसतात.

नोकरी सहलींचे आराखडे आखायची. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर नकाशा, त्यात टाचण्या, आणि खिडकीखाली टायरवाल्याचं दुकान. साहेबांना सगळे होकायंत्र म्हणतात, कारण बोलताना त्यांचं बोट सतत कुठल्या तरी दिशेला असतं. लोक येतात आणि म्हणतात, आम्हाला सगळं बघायचंय. मी त्यांना सांगते कुठून कुठे जायचं, कुठे झोपायचं, कुठे दम खायचा. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. बाबा म्हणतात, "आमची पोर उंटावरून शेळ्या हाकते. उंटसुद्धा नकाशातला."

आता आमची नवी सहल निघते आहे. समुद्र, डोंगर आणि वाळवंट, तिन्ही एका दमात. होकायंत्राचा नियम असा, की नव्या मार्गावर आखणाऱ्याने आधी स्वतःच्या घरच्यांना नेऊन आणायचं. "आई जिथे कुरकुरेल, तिथे गिऱ्हाईक भांडेल," असं ते म्हणतात. म्हणून ऑक्टोबरात मी आई-बाबांना घेऊन निघते आहे. आधी समुद्र, मग तुझ्या घाटाच्या पायथ्याचं गाव, तिथून रेल्वेने डोंगराला वळसा घालून वाळवंट.

योगायोग असा की पायथ्याच्या गावात आम्हाला एक दिवस मोकळा मिळतो, आणि तो बुधवार आहे. लंबू म्हणाला बुधवारी तुझं फाटक बंद असतं. म्हणजे तुला सुट्टी. खाली येऊन जाशील का? काही बोलायला नको. चहा पिऊ.

आई ठीक आहे. हवा बदलली की थोडा खोकला होतो, एवढंच.

तुझी
ताई नव्हे, तुझी चिमणी


३ सप्टेंबर

दादा,

लंबू म्हणाला, तू पत्र घेतलंस आणि खिशात ठेवलंस. वाचताना त्याने पाहिलं नाही. पण टाकून दिलं नाहीस, हेही तो मुद्दाम दोनदा म्हणाला. चांगला माणूस आहे.

त्याने तुझ्या कामाचं सगळं सांगितलं. रस्ता इतका अरुंद की समोरासमोर दोन गाड्या जात नाहीत. म्हणून सकाळी खालून वर, दुपारनंतर वरून खाली. खाली एक फाटक आणि वर तुझं. सकाळी वर निघालेल्या सगळ्यात शेवटच्या गाडीत खालचे फाटकवाले एक लाल फडकं देतात. ते फडकं तुझ्या हातात पडलं, म्हणजे रस्त्यात आता कोणी उरलं नाही. मगच तू फाटक उघडतोस आणि खाली जाणाऱ्यांना सोडतोस. दुपारी तेच फडकं तू शेवटच्या गाडीतून परत खाली पाठवतोस. फडकं मिळाल्याशिवाय मंत्री आला तरी फाटक हलत नाही, असं लंबू म्हणाला. एकदा कोणी बडा माणूस हॉर्न वाजवत बसला होता आणि तू त्याच्यासमोर सफरचंद चिरून खाल्लंस म्हणे.

मी हे ऐकून खूप वेळ विचार करत होते. एवढा मोठा डोंगर, आणि एका फडक्यावर लोकांचा एवढा विश्वास. घराघरात असं एखादं फडकं असायला हवं. आता रस्ता रिकामा आहे, आता तू बोल, आता मी बोलते. हसू नकोस. मी अशीच आहे. बाबा म्हणतात, पदवी घेतल्यापासून हिला जग सरळ करायचंय, आणि आपल्या ओढणीला साधी टीप मारता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. मी योगायोग म्हणाले होते, तसा तो नव्हता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमच्या मूळ मार्गात पायथ्याचं गाव नव्हतंच. गाड्या सरळ घाट चढून पलीकडे वाळवंटात उतरणार होत्या. मी तो मोडून घेतला आणि मोकळा दिवस तिथे आणून ठेवला.

मोकळा दिवस ही आमच्या धंद्यातली रीत आहे. कुठल्याही लांबच्या सहलीत एक दिवस कोरा ठेवायचा. गाडी बिघडते, कोणी आजारी पडतं, दरड कोसळते. सगळं त्या एका दिवसात मावतं. गिऱ्हाइकांना मात्र तो खुपतो. काल एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या.

"या दिवशी काय दाखवणार?"

"काही नाही. तो मोकळा आहे."

"मग तो आम्ही आमच्या घरीच मोकळा घालवू की!"

नवरा हळूच म्हणाला, "घरी कुठे गं मोकळा जातो?" त्यावर बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की होकायंत्राचं बोटसुद्धा खाली आलं.

होकायंत्र मला म्हणाले, "डोंगराची जाहिरात करायची आणि माणसं पायथ्याशी बसवायची? लग्नाला नेऊन मांडवाबाहेर जेवायला घालण्यासारखं आहे हे." मी म्हटलं, या खेपेपुरतं करून बघू. त्यांनी नकाशातल्या त्या गावावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "या खेपेपुरतं."

बाबांना तू तिथे आहेस हे सांगितलं. हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली, परत उचलली. म्हणाले, "गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचेत. मी काही येत नाही." मी वाद घातला. मी म्हटलं, बाबा, मोठ्यांनीसुद्धा चुकीची दुरुस्ती करायची असते, शिलाई उसवून पुन्हा घालता की नाही? ते म्हणाले, "कापलेलं कापड उसवत नाही."

दादा, तुला एक माहीत नाही. पोस्टमास्तरांच्या कोटाच्या बाह्या आखूड झाल्या त्या दिवशी माप बाबांनी सांगितलं होतं आणि कापलं तू होतंस. चारचौघांत बाबांनी थोबाडीत मारली ती तुला. तू गेल्यावर काही दिवसांनी बाबांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "अहो, या चष्म्यातून टेपवरचे आकडे तुम्हाला दिसत तरी होते का?" आम्ही तिघं घरी चालत आलो. तेव्हापासून बाबा माप स्वतः वाचत नाहीत. टेप लावतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "वाचा."

लोकांना वाटतं ही त्यांची लकब आहे.

तुझी चिमणी


२१ सप्टेंबर

दादा,

आजचं पत्र लहान आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. आईला आत यंत्रात फुंकर मारायला लावली आहे.

थोडा खोकला नाही तो. मी खोटं लिहिलं, कारण तू दयेपोटी यावंस असं मला वाटत नव्हतं. तू मनाने यावंस असं वाटत होतं. आता मला तेवढी चैन परवडत नाही.

गादी कारखान्यातला कापूस आहे तो. इतकी वर्षं ती तोंडाला फडकं बांधून पिंजलेला कापूस खोळीत भरत होती. संध्याकाळी घरी आली की केस पांढरे असायचे, आणि तू म्हणायचास, "आजी आली." ते केस धुतले की काळे व्हायचे. छातीतला कापूस धुता येत नाही. फुप्फुसं आतून टणक झाली आहेत. जिना चढताना ती मध्येच थांबते आणि भिंतीवरचा रंग बघत असल्यासारखं करते.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं की डोंगरावर नेलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, पायथ्यापर्यंत जा, त्याच्यावर एक वळणसुद्धा नाही, वर हवा विरळ असते. वाळवंटाची कोरडी हवा तिला मानवेल, थंडी मात्र नको. मी म्हटलं, मग यंदा पायथा, पुढच्या वर्षी बरं वाटलं की वर. त्या नळी गुंडाळत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं आत्ता आखू नका."

म्हणून मार्ग मोडला, दादा. सगळं मी नकाशावर करून पाहिलं. तिला तुझ्यापर्यंत आणणारा एकही रस्ता नाही. ती जिथपर्यंत येऊ शकते ते पायथ्याचं गाव आहे. पुढचा रस्ता तुझ्या बाजूने आहे.

आईला तू आठवतोस तेव्हा ती तुझं नाव काढत नाही. ती म्हणते, "त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते." एवढंच. तू बाबांवर रागावलास त्यापेक्षा तिच्यावर जास्त रागावलास हे तिला कळतं. "माफी माग" हे ती तुला म्हणाली. तिला वाटलं होतं, लेकराने मान तुकवली की विषय मिटेल. तू टेप गळ्यातून काढलास, टेबलावर ठेवलास आणि निघून गेलास.

नंबर आला. जाते.

चिमणी


१३ ऑक्टोबर, समुद्राकाठी

दादा,

बाबा आले! काल सकाळी आम्ही निघालो तेव्हा दुकानाला कुलूप लावून दारात उभे होते. हातात पिशवी. म्हणाले, "दोन बायकांनी सामान कसं उचलायचं?" सामान चाकांचं आहे. मोबाइल त्यांनी आईच्या पिशवीत टाकला, "मला नको ते लोढणं" म्हणून.

समुद्राविषयी मला खूप लिहायचं होतं. मी वर्गात त्याच्यावर निबंध लिहिलेत. भरती का येते, वारा दिवसा कुणीकडून वाहतो, सगळं. प्रत्यक्षात मी पहिला अर्धा तास नुसती उभी होते. आई वाळूत बसली. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "याला दम लागत नाही का गं?"

बाबांना विचारलं, कसा वाटला. "पाणी आहे," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काठ सारखा नाही. कुणी तरी नीट दुमडायला हवा." आई एवढी हसली की खोकत बसली.

इथली ओलसर हवा तिला चांगली नाही, हे मला आखताना कळायला हवं होतं. रात्रभर उशा लावून बसवलं. लोकांना मी कोणत्या खोलीतून समुद्र दिसतो ते लिहून देते. कोणत्या खोलीत श्वास घेता येतो ते कधी लिहिलं नाही.

तू तिथे आहेस हे तिला अजून सांगितलेलं नाही. पायथ्याच्या गावी फक्त विश्रांतीचा दिवस आहे असं म्हटलंय. तिने तुझा तो राखी स्वेटर पिशवीत घेतलाय. मी विचारलं हा कशाला, तर म्हणाली, "डोंगरात थंडी असते." तो तिच्या मापाचा नाही, बाबांच्या नाही, माझ्याही नाही.

बुधवारी भेटू.

चिमणी


१६ ऑक्टोबर, गुरुवार, रेल्वेत

दादा,

डबा हलतो आहे, अक्षर वाकडं येईल. फोनवर तू होतास, पण इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं तुझ्या रस्त्याच्या खालच्या फाटकाशी जाऊन बसलो. पत्र्याची टपरी, बाहेर लाकडी बाक, खुंटीवर ते लाल फडकं. आखूड मिश्यांचे फाटकवाले काका शेगडीवर हात शेकत होते. मी त्यांना विचारलं, "वरून येणारी माणसं कधीपर्यंत पोहोचतील?"

"आज?" ते म्हणाले. "आज बुधवार, पोरी."

"हो ना, म्हणूनच. त्यांना आज सुट्टी."

"सुट्टी कसली! आज रस्त्याची डागडुजी. कड्यावरचे सुटे दगड पाडतात. आज वरून ससासुद्धा खाली येत नाही. आणि वरच्या माणसाला तर जागा सोडायचीच नाही."

दादा, मी नकाशावर सगळं पाहिलं होतं. उंची, अंतर, बर्फ कधी पडतो. बुधवार निवडताना मला वाटलं, फाटक बंद म्हणजे तू मोकळा. फाटक बंद म्हणजे रस्ता बंद, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. लंबूने "बंद" म्हटलं आणि मी स्वतःच त्याची सुट्टी करून टाकली. शाळेतल्या पोरानेही विचारलं असतं, की मग तो खाली येणार कसा? मी कोणालाच विचारलं नाही. मला वाटलं मला समजलं.

मी हे आईला कसं सांगू म्हणून घुटमळत होते. ती बाकावरून म्हणाली, "नाही ना येत आज?"

"आई, तुला माहीत होतं?"

"अगं, सहल आखतेस तू, पण तुला मीच आखलंय ना?" मग वर पाहत म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणतात. खोटं आहे. दुरून काही दिसतच नाही."

काकांना दया आली. त्यांच्याकडे दोन्ही फाटकांना जोडणारा फोन आहे. दांडी फिरवून ते ओरडले, "अरे ए, तुझी माणसं आलीत खाली! आई आहे, बहीण आहे, आणि एक गृहस्थ आहेत, ते मघापासून माझ्या पडद्याची शिवण बघतायत!" मग बराच वेळ ऐकून घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "तो म्हणतो, रस्ता बंद आहे."

आईने रिसिव्हर घेतला. तिने बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. तो थांबेना. तू सगळा ऐकलास, मला माहीत आहे, कारण काका म्हणाले तू ठेवला नाहीस. मी पाठ चोळत होते. शेवटी तिला जेवढा श्वास मिळाला तेवढ्यात तिने एवढंच विचारलं, "अंगात काही गरम घालतोस का?"

तू "हो" म्हणालास. तेवढं मलाही ऐकू आलं.

मग तिने रिसिव्हर बाबांपुढे धरला. बाबांनी घेतला. कानाला लावला. त्यांचे ओठ हलले, दादा. मी शेजारी उभी होते, शपथेवर सांगते, हलले. पण आवाज आला नाही. मग "हं" म्हणाले आणि काकांच्या हातात देऊन टाकला. तुला वरून तो "हं" कसा ऐकू आला असेल याची मला कल्पना आहे. तो तसा नव्हता.

माझ्याजवळ बोलायला खूप होतं. माफीवर, समजूतदारपणावर, तिघांनाही पुरेल एवढं. मी गेले कित्येक महिने मनात त्याचे परिच्छेद करत होते. एकही शब्द निघाला नाही. दगड पाडणाऱ्यांचा आवाज वरून येत होता, आणि प्रत्येक आवाजाला आई दचकून वर बघत होती, जणू तो तुझ्यावरच पडतोय.

दुपारी ऊन गेलं. आम्ही निघायला हवं होतं, पण बाबा उठेनात. त्यांनी खुंटीवरचं लाल फडकं काढलं. कडा फाटून दशा लोंबत होत्या. काका म्हणाले, "अहो, ते सरकारी आहे." बाबा म्हणाले, "म्हणूनच असं आहे." कॉलरच्या आतून सुई काढली. ती अजून तिथेच असते. दोरा मात्र नव्हता, तर स्वतःच्या शर्टाच्या शिवणीतून काढला. चारी बाजू दुमडून ते टाके घालत बसले. सुईत दोरा ओवून मी दिला. तेवढंच काम माझ्याकडे आलं त्या दिवशी.

संध्याकाळी आईला थंडीने घेरलं. ओठ निळे दिसायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी नळी लावली आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "हिला इथे कोणी आणलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "सकाळच्या गाडीने कोरड्या हवेत न्या." मी विचारलं, दुपारपर्यंत थांबलं तर? दुपारी वरून गाड्या येतात, माझा भाऊ येऊ शकेल. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

म्हणजे तू दुपारी खाली येऊ शकतोस, आणि ती सकाळीच गेली पाहिजे. मी आखलेल्या सगळ्या सहलींत यापेक्षा वाईट गाठ पडलेली मला आठवत नाही. कोरा दिवस होता तो संपला. दुसरा ठेवला नव्हता.

आज सकाळी स्टेशनाला जाताना जीप खालच्या फाटकावरून गेली. वर जाणाऱ्या गाड्यांची रांग सुटत होती. बाबा म्हणाले, "थांबव जरा." उतरले आणि काकांना विचारलं, "शेवटची गाडी कोणती?" काकांनी सिमेंटच्या एका ट्रककडे बोट दाखवलं.

बाबा त्याच्या केबिनमध्ये चढले. सिनेमातला म्हातारा चढतो तसं नाही. पाय पायरीवर पोहोचेना, ड्रायव्हरने हात धरून ओढलं, एक चप्पल खाली पडली ती मी उचलून दिली.

आई ओरडली, म्हणजे तिला जमलं तेवढी. "अहो, कुठे निघालात?"

"देऊन येतो."

"काय देऊन येता?"

त्यांनी फडकं दाखवलं. गिऱ्हाइकाला शर्ट देताना घडी घालतात तशी त्याची घडी घातली होती आणि मांडीवर ठेवली होती.

आईने पिशवीत हात घालून तुझा राखी स्वेटर काढला आणि मला म्हणाली, "पळ, हाही दे."

मी दिला. बाबा खाली वाकून मला म्हणाले, "तिला खिडकीशी बसव. पण वारा लागू देऊ नकोस." मग ट्रक निघाला. पहिल्या वळणापर्यंत आई बघत होती. वळणानंतरही बघत होती.

चिमणी


१९ ऑक्टोबर, वाळवंट

दादा,

आईचा श्वास इथे जरा बरा आहे. अंगणात खाटेवर बसते. समोर नुसती वाळू. मी तिला समजावून सांगायला गेले की वाऱ्याने टेकड्या जागा कशा बदलतात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फाटक उघडलं असेल ना गं त्या दिवशी?"

"उघडलंच असेल, आई."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. बाबांचा मोबाइल तिच्याच पिशवीत आहे. तुझ्याकडे फोन लागत नाही, आणि खालच्या फाटकाचा फोन फक्त तुझ्या फाटकाशी बोलतो. लंबू दुसऱ्या सहलीवर गेलाय. इथून मी काही म्हणजे काही करू शकत नाही. हा मार्ग मी टाचण्यांनी आखला होता, आणि आता या टोकाला बसून मला त्या टोकाची एक टाचणीसुद्धा हलवता येत नाही.

काल शेवटी ऑफिसात फोन केला. होकायंत्रांना वाटलं मी सहलीचा अहवाल देते आहे. मी म्हटलं, साहेब, गुरुवारी आपल्या गाड्या घाटातून खाली आल्या का? ते म्हणाले, "आल्या की. थोड्या उशिराने. ड्रायव्हर म्हणत होता, फडकं येऊनही वरचं फाटक बराच वेळ उघडलं नव्हतं. हॉर्न वाजवून वाजवून दमले सगळे. मग उघडलं."

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "बराच वेळ म्हणजे किती?"

मी काय सांगणार, दादा? तेवढा वेळ तुझ्याकडे आणि बाबांकडे आहे. आमच्याकडे वाळू आहे आणि एक रिकामी खाट आहे, जी मी उगाचच जास्तीची मागून घेतली.

बाबा अजून वर आहेत की निघाले, एकटेच निघाले की कसे, हेही आम्हाला माहीत नाही. तिकडे बर्फ पडायला लागला तर रस्ता मिटेल. आई रोज सकाळी अंगणाच्या फाटकाकडे तोंड करून बसते. हे फाटक फक्त लाकडी आहे. याला कुलूप नाही, कडी नाही, कोणीही उघडावं.

मी तुला आता ये म्हणत नाही. मला वाटायचं नीट आखलं की माणसं पोहोचतात. एवढंच विचारते, कारण ते मला फक्त तूच सांगू शकतोस. फडकं घ्यायला तू हात पुढे केलास, म्हणून तर फाटक उघडलं. घेताना काठ पाहिलास का? दोरा लाल नाही, पांढरा आहे. तो बाबांच्या शर्टाचा आहे. एका कोपऱ्यातले टाके वाकडे आलेत. ते त्यांनी नवा चष्मा काढून ठेवून घातले, कारण डोळे सारखे भरून येत होते आणि काच पुसायला फडक्याशिवाय हातात दुसरं काही नव्हतं.

चिमणी